लाखावर एक फरशी

एका राज्यात एक गवंडी होता, आणि त्या राज्याला शून्याचं भारी वावडं होतं.

शून्य लिहायला तिथे कुणाची ना नव्हती. पण कुणाला काही द्यायचं असलं, देवापुढे काही ठेवायचं असलं, की आकडा शून्यावर थांबवायचा नाही असा रिवाज होता. शून्यावर थांबलं की संपलं, वर एक ठेवला की पुढे चालू राहिलं, असं लोक मानत. दहा लाडू द्यायचे तर अकरा देत, शंभर नारळ वाहायचे तर एकशे एक वाहत. पंतोजीसुद्धा दहा छड्या मारून झाल्या की शकुनाची म्हणून अकरावी मारत आणि पोरं ती मुकाट्याने खात. खुद्द राजाच्या दरबारात दहा मंत्री होते, आणि वर एक प्रधान.

एके वर्षी राज्यात तापाची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. राजा गावदेवीला नवस बोलला, "आई, माझी माणसं वाचव. तुझ्या देवळापुढे फरसबंद अंगण घालीन. राज्यातल्या एकूण एक माणसाच्या हाताची फरशी त्यात असेल."

साथ ओसरली. मग नवसाची तयारी सुरू झाली. गावाच्या दक्षिणेला कुंभारांची वस्ती होती. तिथे मातीच्या वीतभर लांब, वीतभर रुंद फरशा थापल्या गेल्या. त्या ओल्याच देवळापाशी आणल्या, माणसं एकामागून एक आली, मातीवर आपल्या हाताचा ठसा उमटवून गेली. तान्ह्या बाळांचे हात त्यांच्या आयांनी धरून टेकवले. फरशा परत वस्तीवर गेल्या, भट्ट्या पेटल्या, फरशा भाजून निघाल्या आणि देवळामागे त्यांच्या थप्प्या लागल्या. मोजल्या तर बरोबर एक लाख भरल्या.

"लाखावर थांबता?" राजा म्हणाला. "वर एक घ्या. कुणाचा हात राहिला असेल तर बघा."

दवंडी पिटली, पण कुणी पुढे येईना. शेवटी कुंभारवाड्यातल्या एकाला आठवलं. भट्टीवर एक म्हातारी कुंभारीण बसायची. कोणती फरशी कधी आत सरकवायची, कधी बाहेर काढायची, हे तीच सांगायची. लाख फरशा भाजता भाजता तिची स्वतःची राहूनच गेली होती! तिला हे सांगितलं तेव्हा ती आधी पोटभर हसली आणि मग तिने ओल्या मातीवर हात टेकवला. तिचं पहिलं बोट जुन्या भाजण्याने वाकडं झालेलं होतं, तेही ठशात तसंच उमटलं. ती फरशी थप्पीवर सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वर आली.

आता अंगण घालायला राजाने आपल्या गवंड्याला बोलावलं.

गवंडी हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. राजाने अटी सांगितल्या. कुणाच्या हाताची फरशी कापायची नाही. एकही फरशी बाहेर ठेवायची नाही. आणि अंगण चौकोनी हवं, त्याचा एकही कोपरा तुटका असता कामा नये.

"महाराज, चौकोन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," गवंडी म्हणाला. "पाडव्याला अंगणात पंगत बसवा."

लाखाचा हिशोब त्याच्या डोक्यात तयार होता. अडीचशे फरशा रुंद, चारशे फरशा लांब. देवळापुढची सपाट जागाही तेवढ्याला पुरून उरण्याजोगी होती. त्या राज्यात मोठं काम अंगावर घेताना गवंडी आपला ओळंबा, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा तो दोरीचा लंबक, राजाच्या पायाशी ठेवत. काम साधलं तर ओळंबा परत मिळायचा. फसलं तर कायमचा जायचा, आणि ओळंबा गेलेल्या गवंड्याला कुणी गोठ्याची भिंतसुद्धा बांधायला बोलवत नसे. ह्याचा ओळंबा बापाकडून आलेला होता. तो त्याने बेधडक राजाच्या पायाशी ठेवला आणि शीळ घालत देवळाकडे गेला.

थप्प्या मोजल्या आणि शीळ थांबली. वरची ती एक फरशी तो साफ विसरला होता.

अडीचशे गुणिले चारशे केलं की एक फरशी हातात राहत होती. गवंड्याने धूळपाटी घेतली आणि बोटाने आकडे मांडायला बसला. तीनशे रुंद घेतलं तर तीनशे तेहतीस ओळी होऊन एकशे एक फरशा उरत होत्या. दोनशे ऐंशी घेतलं तर एक्केचाळीस उरत होत्या. तीनशे तीन रुंद घेतलं तेव्हा त्याला वाटलं जमलं, कारण तीनशे तीस ओळी छान बसल्या. पण तिथेही शेवटी अकरा उरल्या. दोन दिवस तो पुसत होता आणि मांडत होता. अंगणाला शोभेल अशी एकही रुंदी त्याने सोडली नाही, आणि एकाही रुंदीने त्याला दाद दिली नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी प्रधान तिथे आला. गवंड्याच्या तोंडाकडे बघूनच त्याला काय ते कळलं.

"अरे गवंड्या, एवढं डोकं कशाला पिकवतोस?" प्रधान म्हणाला. "एकच फरशी नडतेय ना? टाक विहिरीत. लाखात एक कमी झाली तर कोण मोजत बसणार आहे?"

"पण कुणाची टाकू?"

"कुणाची म्हणजे? ती वरची टाक. त्या भट्टीवाल्या म्हातारीची. ती कुठे बघायला येतेय!"

प्रधान गेला. गवंड्याने इकडे तिकडे पाहिलं, फरशी उपरण्यात गुंडाळली आणि देवळामागच्या विहिरीकडे निघाला. बापाचा ओळंबा डोळ्यांपुढे होता. बायकोमुलांना काय सांगायचं, तेही मनात होतं. काठावर उभं राहून त्याने उपरणं सोडलं. फरशीवर तो हात होता, वाकड्या बोटाचा. गवंड्याने सहज आपला हात त्यावर ठेवून पाहिला. हिच्या हातून लाख माणसांचे हात पक्के झाले, आणि हिचाच हात आपण पाण्यात बुडवायला निघालो, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

आणि लाजेच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. त्याला कुतूहल वाटलं. लाख इतका गरीब आकडा, कसाही मांडा, निमूट बसतो. मग त्यावर फक्त एक ठेवला की तो इतका हट्टी का होतो? एका फरशीने असं बिघडतं तरी काय? फरशी फेकून ओळंबा वाचला असता, पण हे कोडं तसंच राहिलं असतं. गवंड्याने फरशी पुन्हा गुंडाळली आणि तो घरी आला.

अंगणात त्याची बायको सांडगे घालत होती. त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, झालंय तरी काय? देवीचं अंगण घालताय की देवीशी भांडून आलात?"

गवंड्याने सगळं सांगितलं, विहिरीपर्यंत गेलो होतो तेही सांगितलं. हातातलं पीठ संपत आलं होतं, त्याचे तिने शेवटचे सांडगे कापडाच्या कडेने एका लांब ओळीत घातले. वरचे सगळे सांडगे मात्र पाच-पाचच्या नीट रांगांत होते.

"हे खालचे असे एका ओळीत का घातलेस?" गवंड्याने विचारलं.

"सतरा आहेत ते."

"मग?"

"मग काय? वरचे पस्तीस होते, ते पाचाच्या सात रांगांत गुण्यागोविंदाने बसले. सतराचं तसं नाही. दोनाने मांडा, तिनाने मांडा, चाराने मांडा, काहीतरी उरतंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. म्हणून मी त्याच्या नादी लागत नाही. त्याला आवडते तशी एक लांब ओळ देऊन टाकते." तिने हात धुतले. "आकड्याला स्वभाव असतो हो. तुम्ही तुमच्या आकड्याला त्याचा स्वभाव विचारलात का? की आपलं नुसतं अंगणात कोंबताय?"

गवंडी तिच्याकडे बघतच राहिला. खरंच, दोन दिवस त्याने अंगणाला शोभणाऱ्या रुंदीच तेवढ्या विचारल्या होत्या. आकड्याला काय शोभेल, हे विचारलंच नव्हतं.

बायकोने चिंचोक्यांची टोपली आणून ठेवली आणि दोघं समोरासमोर बसली.

"अगदी लहानापासून विचारा," ती म्हणाली. "दोनाने जातो का?"

"नाही. एक उरतो."

"मग चार, सहा, आठ कुणीच नको. दोनाला जो दाद देत नाही तो चाराला काय देणार? तीन?"

"दोन उरतात."

"म्हणजे सहा गेला तसा नऊही गेला. पाच?"

"एक उरतो. आणि साताने सहा उरतात." गवंडी आता धुळीत भराभर लिहीत होता. "दहाने एक. अकराने..."

त्याचं बोट थांबलं. "अगं, थांब. नव्याण्णव म्हणजे नऊ वेळा अकरा. म्हणजे नव्याण्णव हजार हे नऊ हजार वेळा अकरा. नऊशे नव्वद म्हणजे नव्वद वेळा अकरा. दोन्ही मिळून नव्याण्णव हजार नऊशे नव्वद. आणि लाखावर एक व्हायला अजून किती हवेत?"

बायकोने बोटांवर मोजलं. "अकरा."

"अकराच! उरलेले अकरा म्हणजे आणखी एक ओळ!" गवंडी उठून उभाच राहिला. "एकही उरत नाही. अकरा रुंद, नऊ हजार एक्क्याण्णव लांब!"

लाख असता तर अकराला एक कमी पडला असता. वर ठेवलेल्या एकानेच नेमका हा अकराचा मेळ जमवला होता. आपल्या राज्याच्या रिवाजात असं काही दडलंय हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि गवंड्याला त्याची इतकी गंमत वाटली की क्षणभर तो आपला ओळंबाही विसरला.

मग बायको म्हणाली, "अकरा रुंदीचं कुठे अंगण असतं का? तो नऊ हजार एक्क्याण्णव फोडून बघा. फुटला तर त्याचे तुकडे अकराशी गुणून बरी रुंदी मिळेल."

ते बरोबर होतं. दोघं त्या आकड्याच्या मागे लागली. साताने पाच उरले, तेराने चार. एकसष्टाने तर दोनच उरले, तेव्हा गवंड्याने कपाळावर हात मारला. एकाहत्तरला तीन उरले. पंचाण्णवपर्यंत गेली तरी तो आकडा फुटेना.

"आता आणखी पुढे जायचं?" बायकोने विचारलं.

"नको. पंचाण्णव पंचाण्णववेळा घेतले तर नऊ हजार पंचवीस होतात. शहाण्णव शहाण्णववेळा घेतले तर आकड्याच्या पुढे जातो. म्हणजे शहाण्णव किंवा त्याहून मोठा कुणी ह्याला भागत असता, तर त्याचा जोडीदार पंचाण्णवच्या आतला असता, आणि तो आपल्याला मघाशीच भेटला असता. मोठा जोडीदार एकटा राहूच शकत नाही." गवंडी खाली बसला. "हा तुझ्या सतरासारखाच आहे गं. फक्त अंगाने मोठा."

म्हणजे लाखावर एक ह्या आकड्याचे चौकोन दोनच होते. एक फरशी रुंदीची एकच एक लांब ओळ, नाहीतर अकरा फरशा रुंद आणि नऊ हजार एक्क्याण्णव लांब. तिसरा नव्हताच.

बायकोने धुळीत अकरा रुंदीचा तो चौकोन रेघा ओढून काढायचा प्रयत्न केला. रेघ अंगणाबाहेर गेली, तुळशीपाशी वळवावी लागली, पार कुंपणाला लागली. ती हसून म्हणाली, "अहो, हे अंगण नाही. हा रस्ता आहे."

दुसऱ्या दिवशी गवंडी दरबारात उभा राहिला. त्याने आकडे सांगितले आणि हात जोडले. "महाराज, तुम्ही अंगण मागितलंत, पण आकडा रस्त्याचा दिलात. एकही हात न कापता, एकही बाहेर न ठेवता, चारही कोपरे साबूत ठेवून ह्या फरशांचा फक्त रस्ता होतो."

दरबार खो खो हसला. राजाच्या कपाळाला आठी पडली. "मी देवीला अंगण बोललोय. तू अंगण घालणार होतास. ओळंबा इथे ठेवलायस, आठवतंय ना?"

"आठवतंय, महाराज. काल त्यापायी माझ्या हातून पाप घडत होतं." गवंड्याने उपरण्यातून फरशी काढून राजापुढे ठेवली. "ही एक टाकली असती तर अंगण झालं असतं. टाकायला गेलोही होतो. पण नवस एकूण एक माणसाचा आहे. ही टाकली तर नवस मोडतो, आणि ठेवली तर अंगण मोडतं. ओळंबा ठेवून घ्या. पण हा आकडा खोटा पाडू नका."

प्रधानाला राहवेना. तो पुढे झाला. "महाराज, हा उगाच पाल्हाळ लावतोय. एक फरशी ती काय! लाख पूर्ण आहेत, वरची एक काढून टाकली तर कुणाचं काय अडणार आहे?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. मग रांगेत बसलेल्या दहा मंत्र्यांकडे पाहिलं. मग पुन्हा प्रधानाकडे पाहिलं.

"प्रधानजी," राजा सावकाश म्हणाला, "वरचा एक काढून टाकायचा असं ठरलं, तर सुरुवात कुठून करू?"

ह्यावेळी दरबार हसला तो प्रधानाला हसला, आणि प्रधान मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसला.

राजा मूळचा जिज्ञासू होता. त्याने चिंचोके मागवले, स्वतः खाली बसून अकरा-अकराच्या ओळी मांडून पाहिल्या, आणि गवंड्याचं बोलणं त्याला पटलं. तो म्हणाला, "रस्ता तर रस्ता. पण नऊ हजार एक्क्याण्णव विती म्हणजे अर्ध्या कोसाच्या वर झालं. देवळापासून इतका लांब रस्ता नेणार कुठे?"

"ते पायांनी विचारू, महाराज," गवंडी म्हणाला.

दोघं काठीने मोजत निघाले. उत्तरेला मोजलं तर शेवटची वीत उघड्या खडकावर संपत होती. तिथे सरडेही फिरकत नव्हते. पश्चिमेला रस्ता तळ्यात बुडत होता. पूर्वेला राजाची आमराई होती, पण तिकडे आधीच चांगला रस्ता होता, कारण तो राजाचा होता.

दक्षिणेला निघाले तर चिखल लागला. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. तिथली जमीनच पाणथळ होती, बारा महिने ओली. राजाची एक मोजडी रुतली ती पुन्हा मिळालीच नाही. राजा एका पायाने अनवाणी तसाच पुढे गेला आणि नऊ हजार एकतिसाव्या वितीला एका झोपडीच्या दारात पोचला. दारात म्हातारी कुंभारीण बसली होती. तिच्यापलीकडे साठ वितींवर मातीची खाण होती, जिथून सगळ्या फरशांची माती निघाली होती.

"आजी, फरशा ह्याच वाटेने आणल्यात?" राजाने विचारलं.

"दुसरी वाट कुठाय, महाराज?" म्हातारी म्हणाली. "लेकीसुनांनी डोक्यावरून वाहिल्या. चिखलात पडल्या, उठल्या, पण एक फुटू दिली न्हाई."

"आणि तुम्ही देवळात कधी येता?"

म्हातारी हसली. "नऊ वरसं झाली. पाय रुतत्यात बाबा, निघत न्हाईत. हात पाठवला न्हवं का मी, वाकड्या बोटाचा? तेवढाच पोचला आईपाशी."

एकूण एक माणसाचा हात देवीपाशी नेऊ असं राजा बोलला होता, आणि ज्यांनी ते बोलणं भाजून पक्कं केलं त्यांनाच तिथवर येता येत नव्हतं. त्याला मान वर करवेना. तो गवंड्याला म्हणाला, "घाल रस्ता. इथूनच."

आधी भराव घालून जमीन उंच केली आणि मग फरशा बसल्या. अकरा-अकराच्या ओळी देवळाच्या पायरीपासून दक्षिणेकडे सरकत राहिल्या. त्यात राजाचा हात होता, पंतोजींचा होता, प्रधानाचाही होता, आणि तान्ह्या बाळांचे इवलेसे हात होते. पाडव्याच्या सकाळी शेवटची ओळ खाणीच्या काठावर आली. गवंड्याने तिच्यात दहा फरशा बसवल्या. एक जागा रिकामी राहिली.

त्याने म्हातारीला हाताला धरून आणलं. "आजी, ही तुमची. तुम्हीच बसवा."

म्हातारीने वाकून फरशी ठेवली. ती अशी चपखल बसली की फटीत गवताची काडी जाईना. राजाने सगळ्यांसमोर गवंड्याचा ओळंबा त्याच्या हातात दिला. गवंड्याने तो कपाळाला लावला आणि गर्दीत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, सांडगे चांगले वाळले की हलवायची तशी.

मग म्हातारी काठी टेकत देवळाकडे निघाली. तिला सगळी सकाळ लागली. कुणी तिला उचलून घेतलं नाही, कारण तिने घेऊ दिलं नाही. लाख हातांवरून चालत ती देवीसमोर पोचली तेव्हा देवळापुढचं अंगण साधं शेणाने सारवलेलं होतं, आणि पंगत तिथेच बसली. पहिलं पान म्हातारीचं होतं.

तात्पर्य: आकडा असो की माणूस, तो आपल्या चौकोनात बसत नाही म्हणून त्याला विहिरीत टाकू नये, त्याचा चौकोन कोणता ते त्यालाच विचारावं.